हिरव्या शाईची सदतीस कार्डं

मी, मर्ल एनॉक ब्रिंडली, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार ईस्ट लिव्हरपूल, ओहायो, धंदा कपांना कान बसवणे, सध्या निवृत्त, हा कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दिवसाउजेडी, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तसं लेखी दिलं आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकील ओडेसा प्रुइटबाई सांगतात. याआधी मी एकच मृत्युपत्र केलं होतं, ते माझी पत्नी नोरीन हिच्या नावे. ती सहा वर्षांपूर्वी माझ्याआधी गेली, तेव्हा ते रद्द समजावं.

ओडेसाबाईंनी बजावलं, "मिस्टर ब्रिंडली, मुद्द्याचं लिहा. कथा सांगत बसू नका." त्यांची आई माझ्याच बाकावर बत्तीस वर्षं कपांना कान लावत होती आणि त्या बत्तीस वर्षांत तिचं तोंड एक मिनिट बंद नव्हतं, तेव्हा निदान या बाईंनी तरी मला हे सांगू नये. पण असो, मुद्दा आधीच सांगून टाकतो. या कागदातलं सहावं कलम तेवढं महत्त्वाचं, बाकी सगळी निरवानिरव आहे. सहावं कलम माझ्या धाकट्या भावाचं, रॉइसचं आहे. तो इंडियानातल्या मन्सी गावात राहतो आणि १९८१ सालापासून आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललेलो नाही. आमच्या वडिलांबद्दल तो एक वाईट गोष्ट खरी मानून चालला आहे. ती खोटी आहे, आणि ती मी सांगितलेली आहे. ते निस्तरल्याशिवाय मला मरता येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम पहिले. माझं राहतं घर, परसातल्या शेडसह, नोरीनची भाची ग्लेंडा हिला द्यावं. नोरीन गेल्यापासून दर रविवारी ती मांसाचा रस्सा घेऊन येते आणि मी जेवलो की नाही हे भांडं उघडून बघते, माझ्या तोंडी शब्दावर तिचा विश्वास नाही. घर विकायचं तर खुशाल विकावं, त्याबद्दल मला थडग्यात कूस बदलायची नाही. फक्त तळघरातली शेगडी पेटवताना आधी लाथ घालावी लागते, हे घेणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगावं.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल त्यातून माझा दफनाचा खर्च व्हावा. मला नोरीनशेजारी ठेवावं. उरेल ते गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाला. त्यांनी दोनदा माझं धुराडं विझवलं आणि एकदाही उपदेश केला नाही.

कलम तिसरे. माझी हत्यारं, म्हणजे दोन ब्रश, एक स्पंज, लाकडी सुरी आणि नोरीनने शिवलेलं एप्रन, ही हायस्कूलमध्ये मातीकाम शिकवणाऱ्या बाईंना द्यावीत. त्यांच्या विद्यार्थ्यांचे कप मी प्रदर्शनात पाहिले. अरे देवा! कान असे लोंबत होते की उचलायची भीती वाटावी. त्यांना माझ्याकडून सांगावं, कान आणि कप दोन्ही सारखेच ओले असावे लागतात. एक वाळका आणि एक ओला असला, की पातळ माती कितीही लावा, भट्टीत तो कान गळून पडणारच. एक्केचाळीस वर्षांत मला एवढंच समजलं आणि तेवढ्यावर पेन्शन मिळाली.

कलम चौथे. शेजारी ह्यूबर्ट स्नॉडग्रास यांना माझी अॅल्युमिनियमची शिडी मी या कागदाद्वारे कायमची देत आहे. ती १९९८ पासून त्यांच्याकडेच आहे. आता निदान चोरीची तरी राहणार नाही.

कलम पाचवे. बेसबॉलची कार्डं, म्हणजे खेळाडूचा फोटो आणि त्याच्या संघाचं नाव छापलेली. माझ्याकडे सहाशेच्या वर आहेत, सगळी जुनी, आणि सगळी संघ बदललेल्या खेळाडूंची. एका संघात जन्म काढणारे मोठमोठे खेळाडू माझ्याकडे औषधालाही सापडणार नाहीत. कार्डांच्या बाजारात मला 'बदलीवाला' म्हणतात. ज्याला हिवाळ्यात विकून टाकलं आणि नव्या गणवेशात फोटो काढायला वेळच मिळाला नाही, म्हणून कंपनीने ज्याच्या टोपीवर ब्रशने रंग फासून नवा संघ दाखवला, तो माझा माणूस. काही टोप्या अशा रंगवल्यात की गड्याच्या डोक्यावर कढई ठेवल्यासारखी दिसते.

पण हे माझं वेड नव्हे, निमित्त आहे. मला शोधायची होती ती वेगळीच कार्डं. आम्ही लहान असताना रॉइसची एक रीत होती. पेपरात बातमी आली, की अमक्याला क्लीव्हलंडने कॅन्सस सिटीला देऊन टाकला, की रॉइस त्याच दिवशी पेटीतून त्याचं कार्ड काढायचा, क्लीव्हलंडवर काट मारायचा आणि शेजारी हिरव्या शाईने, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात 'कॅन्सस सिटी' लिहायचा. गावातली बरीच पोरं असं करायची, पण पेन्सिलीने नाहीतर निळ्या पेनने. हिरवी शाई फक्त रॉइसची. मावशीने दिलेल्या पेनात ती होती आणि बाटली संपेपर्यंत त्याने दुसरी वापरली नाही. मी त्याच्यावर ओरडायचो.

"गाढवा, कार्ड खराब केलंस!"

"खराब कसं? बरोबर केलं. माणूस तिथे नाहीच आहे आता."

"अरे, पण छापलेलं आहे!"

"छापलेलं चुकलंय," तो म्हणायचा, आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घालत बसायचा. तेव्हा तो सात वर्षांचा होता. वाद घालायला मला दहाव्या वर्षीही जमलं नाही.

अशी कार्डं बाजारात कोणालाच नको असतात. दुकानदार ती 'खराब' अशी चिठ्ठी लावलेल्या खोक्यात टाकतात आणि मी चाळीस वर्षं त्या खोक्यांत डोकं घालून उभा आहे. पहिलं हिरवं कार्ड १९८४ साली मेथडिस्ट चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत सापडलं. व्हर्जिल टॅकेट, पिचर, बोस्टन खोडून वॉशिंग्टन. मी तिथेच खुर्चीवर बसलो. नोरीनला वाटलं, मला झटका आला. त्यानंतर पेन्सिल्व्हेनियापासून केंटकीपर्यंत आम्ही दर शनिवारी गाडी काढायचो आणि ती बिचारी बाहेर विणकाम करत बसायची.

आजवर सदतीस मिळाली. अडतिसावं मिळालं होतं, पण कार्ड विकणाऱ्या लेस्टर स्टंपने माझ्यावर उपकार म्हणून त्यावरची शाई रबराने खोडून टाकली. "घ्या, ब्रिंडली, नवं करून दिलं!" मी त्याला काय बोललो ते कायद्याच्या कागदात लिहिता येत नाही. लेस्टर स्टंपला या मृत्युपत्राने काहीही मिळू नये, आणि ते त्याला पत्राने कळवावं.

सदतीस सोडून बाकीची कार्डं गावच्या वाचनालयाला द्यावीत. त्यांनी ती काचेत ठेवू नयेत, मुलांना हाताळू द्यावीत.

~~कलम सहावे. निळ्या पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यातली सदतीस कार्डं माझा भाऊ रॉइस ब्रिंडली याला द्यावीत, आणि देताना पुढचा मजकूर ओडेसाबाईंनी त्याला मोठ्याने वाचून दाखवावा.~~

~~रॉइस, तुझी पेटी बाबांनी भट्टीत टाकली नाही. ती मी विकली.~~

~~१९७३ चा संप तुला माझ्याइतकाच आठवत असेल. नववा आठवडा होता. तुझी बायको पॅट्सी दिवसांतली, हॉस्पिटलात पडलेली, आणि संपामुळे कंपनीचा विमा बंद. तू जेवणाचा डबा घेऊन कामावर जायला कारखान्याच्या फाटकाशी आलास तेव्हा संपकऱ्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे मी उभा होतो. मी तुला गद्दार म्हणालो. तू म्हणालास, "मग हॉस्पिटलात जाऊन तूच सांग ना, की संप चालू आहे, पोराला जरा थांबायला सांगा." मी थुंकलो. तू आत गेलास. बाबांनी त्या दिवशी जेवणाच्या टेबलाची तुझी खुर्ची उचलून मागच्या पडवीत ठेवली, हे खरं आहे. ते भयंकर चिडले होते, हेही खरं आहे.~~

~~त्या शनिवारी युनियनच्या हॉलमध्ये संपकऱ्यांच्या किराण्यासाठी जुन्या सामानाची विक्री होती. मी तुझी पेटी नेली आणि टेबलावर उभा राहून ओरडलो, "संप मोडणाऱ्याची कार्डं! मूठभर घ्या!" लोक हसले. मला ते आवडलं. पोरांनी खिसे भरभरून नेली. अर्ध्या तासात पेटी रिकामी झाली आणि मी ती पेटीही विकली.~~

~~संप मिटल्यावर तू पॅट्सीला घेऊन इंडियानाला गेलास आणि पुढच्या वर्षी तुझं पत्र आलं. मुलगी चालायला लागली आहे, माझी पेटी पाठव, बाबा कसे आहेत? मी उत्तर लिहिलं, की बाबांनी पेटी कारखान्यात नेऊन भट्टीत टाकली आणि तुझं नाव या घरात काढू नये म्हणाले. बाबा भट्टीवर कामाला, तेव्हा तुला ते पटलं. मी हे लिहीत होतो तेव्हा बाबा शेजारच्या खोलीत होते. आणि रॉइस, त्याच सकाळी त्यांनी तुझी खुर्ची पडवीतून पुसून परत आत आणली होती.~~

~~का लिहिलं? लाज वाटली, हे एक. दुसरं असं, की घरात एकच शहाणा मुलगा उरला होता आणि तो मी होतो. ते मला बरं वाटत होतं. तू परत आला असतास तर ते गेलं असतं.~~

~~त्यानंतर तू पत्र लिहिलं नाहीस. बाबा सात वर्षं दर शनिवारी मला विचारायचे, "इंडियानाचं काही?" मी म्हणायचो, "नाही." ते गेले तेव्हा मी तुला फोन केला आणि तू म्हणालास, "मग त्यांनाही भट्टीत टाका," आणि फोन ठेवलास. नोरीनने विचारलं, काय म्हणाला? मी म्हणालो, सुट्टी मिळत नाही म्हणाला. बाबांच्या दफनाला तू नव्हतास याचा दोष तुझा नाही. बाबांचा तर नाहीच नाही. हे तुला कळावं एवढीच माझी इच्छा. माफी मागत नाही, कारण मेलेल्या माणसाला माफी मागायला काय लागतं.~~

सहाव्या कलमावर मी स्वतःच्या हाताने काट मारली आहे आणि शेजारी सही केली आहे. ओडेसाबाई म्हणाल्या की सगळं नव्याने टाइप करून घेऊ, स्वच्छ दिसेल. मी नको म्हणालो; इथवरचं सगळं मार्चमध्ये लिहिलं होतं तसंच ठेवलं आहे. खोडलेलं खोडलेलंच दिसू दे. का खोडलं ते खाली देत आहे.

मार्च महिन्यात मी हा मसुदा त्यांच्याकडे नेला. त्यांनी सहावं कलम दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या.

"म्हणजे हे मी वाचायचं. तुम्ही गेल्यावर."

"हो. तुमचा आवाज चांगला आहे."

"माझ्या आवाजाचं राहू द्या. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला मी सांगायचं, की तुमच्या वडिलांवर तुम्ही उगाच राग धरला. आणि मग त्याला तुमच्या तोंडावर चार शिव्या हासडाव्याशा वाटल्या, तर त्याने त्या कुणाला द्यायच्या? मला?"

मी म्हणालो, "तशी सोय केलीच आहे म्हणायची."

"केली आहे खरी. मिस्टर ब्रिंडली, माझ्या आईने मरेपर्यंत तुमचं कौतुक केलं. बरं झालं, ती हे वाचायला नाही. याला मृत्युपत्र म्हणत नाहीत, पळ काढणं म्हणतात."

बाई सरळ मनाला लागेल असं बोलल्या आणि मला राग आला. घरी येऊन मी दोन आठवडे तो राग सांभाळला. मग ग्लेंडाला म्हणालो, तुझ्या गाडीत पेट्रोल आहे का?

कलम सातवे. निळा डबा आता माझ्या मालकीचा नाही. तो मी दहा एप्रिल रोजी मन्सी येथे रॉइसच्या हातात दिला आहे, तेव्हा कोणी तो माझ्या घरात शोधू नये. पुरावा म्हणून जे घडलं ते लिहितो.

दार त्यानेच उघडलं. हातात काठी, डोक्यावर एकही केस नाही. बाबांचं नाक.

"कोण?"

"मर्ल."

"कोण मर्ल?"

"आपल्यात एकच होता."

त्याने मला आत बोलावलं नाही. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, वरच्या कलमात आहे तसंच, काहीही न गाळता. हॉलमध्ये लोक हसले आणि मला ते आवडलं, हेसुद्धा. शेवटी तो म्हणाला, "खुर्ची खरंच आत आणली होती?"

"हो."

"कुठे ठेवली?"

"तुझ्या जागेवर. खिडकीकडे पाठ."

तो काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "मी त्या माणसाला पन्नास वर्षं शिव्या घातल्या, मर्ल. माझ्या मुलीला सांगितलं, तुझा आजोबा असला माणूस होता. तिने कधी त्याचा फोटोसुद्धा मागितला नाही."

"कळतंय मला."

"काय कळतंय? डोंबल कळतंय तुला! त्यांना शेवटी माहीत होतं का, मी का येत नाही ते?"

"नाही. त्यांना वाटलं, त्यांनी खुर्ची बाहेर ठेवली म्हणून."

हे सांगायचं नव्हतं. हे मी मसुद्यातही लिहिलं नव्हतं. पण त्याने विचारलं, आणि खोटं बोलायला मी एवढ्या लांब गेलो नव्हतो. रॉइसने माझ्या हातातून डबा घेतला, उघडून पाहिला नाही, आणि दार लावलं. जोरात नाही, नुसतं लावलं.

गाडीत ग्लेंडाने विचारलं, "काय म्हणाले?" मी तिला जसंच्या तसं सांगितलं. परतीच्या वाटेवर मी रडलो, साधारण कोलंबसपर्यंत. थोड्या वेळाने तिने एका ठिकाणी गाडी थांबवून मला सूप पाजलं.

कलम आठवे, आणि शेवटचे. साक्षीदार. ओहायोच्या कायद्याप्रमाणे दोन लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्ष करू नये असं ओडेसाबाईंचं म्हणणं. म्हणजे ग्लेंडा बाद, कारण तिला घर आहे. ह्यूबर्ट स्नॉडग्रास कुंपणावरून हौसेने आले होते, तेही बाद, त्यांना शिडी आहे. ते घरी जाताना फार खूश दिसले. पहिल्या साक्षीदार स्वतः ओडेसाबाई. दुसरी त्यांची कारकून येणार होती, पण आज, सतरा मे, तिचं पोर तापाने फणफणलेलं. आम्ही पुढच्या आठवड्यावर टाकणार, इतक्यात दारासमोर इंडियानाच्या नंबराची गाडी थांबली.

रॉइस एकटाच उतरला. पँटच्या गुडघ्यांना ओली माती लागली होती. तो आधी टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन आला होता.

"बाबांच्या दगडाभोवती गवत माजलंय," तो दारातूनच म्हणाला. "तुला एवढंही होत नाही?"

"गुडघे गेलेत."

"माझे काय नवे आहेत? काढलं मी." मग तो आत येऊन बसला. ग्लेंडाने कॉफी दिली. त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "पाणचट. आईसारखी." त्याच्यापुढे टेबलावर कागद होते. "हे काय चाललंय?"

ओडेसाबाईंनी सांगितलं. त्याने विचारलं, "मला काय आहे यात?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं कलम खोडलं. ती वस्तू तुम्हाला आधीच मिळाली."

"म्हणजे मला छदामसुद्धा नाही?"

"छदामसुद्धा नाही."

"मग मला साक्षीदार होता येतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं. मग त्यांनी कायद्याने विचारावं लागतं ते विचारलं. "मिस्टर रॉइस ब्रिंडली, तुमच्या मते तुमचे भाऊ आज शुद्धीवर आहेत का?"

"आज आहेत," तो म्हणाला. "आधीची खात्री मी देणार नाही."

हे शेवटचं मी त्याच्या देखत लिहीत आहे. तो म्हणतो, आटप, मला उजेडात परत पोचायचंय. ग्लेंडा म्हणते, जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही. वर लिहिलेलं सगळं मी वाचून पाहिलं आहे, ते खरं आहे आणि तेच माझी अखेरची इच्छा समजावं. दोघा साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. साक्षीदाराने नाव आणि पत्ता लिहिला की पुरे, नातं लिहायची गरज नाही, असं ओडेसाबाईंनी दोघांनाही स्पष्ट सांगितलं होतं.

ठिकाण: ईस्ट लिव्हरपूल, ओहायो
दिनांक: १७ मे २०२४

मृत्युपत्र करणार: मर्ल एनॉक ब्रिंडली (सही)

साक्षीदार पहिला: ओडेसा प्रुइट, वकील, ईस्ट लिव्हरपूल (सही)

साक्षीदार दुसरा: रॉइस ब्रिंडली, मन्सी, इंडियाना. मर्लचा भाऊ. एनॉक ब्रिंडली यांचा धाकटा मुलगा. (सही)